सखोबांनी मोजलेले हात

सखोबांना कुणी रामराम घातला, तर उलट रामराम घालायच्या आधी ते डावीकडे बघत, मग उजवीकडे. आजूबाजूचे चारजण काय करतात याचा अंदाज घेत. चौघांनी हात जोडले की मग सखोबांचे हात वर यायचे. तोवर रामराम घालणारा पुढच्या वळणाला लागलेला असायचा आणि सखोबा त्याच्या पाठीला नमस्कार करत उभे असायचे. मी गावात मास्तर म्हणून आलो त्या दिवशी त्यांनी माझ्याही पाठीला असाच नमस्कार केला. मागून घागर घेऊन येणाऱ्या एका बाईनं सांगितलं म्हणून मला ते कळलं.

माणूस भित्रा होता. मांजर आडवं आलं तर तेच बाजूला होऊन त्याला वाट देत. विहिरीत डोकावत नसत. शिक्का मारलेला कागद समोर आला की पायातल्या वहाणा काढून उभे राहत आणि कागदाला हात लावण्याआधी तो हात धोतराला पुसत. मी स्वतः वाईचा, नदीच्या घाटावर वाढलेला, आणि माझ्या शौर्याबद्दल कधी कुणी चांगलं बोलल्याचं मला आठवत नाही. पण सखोबांच्या शेजारी उभं राहिलं की मलाही आपण शिपाईगडी असल्यासारखं वाटायचं. मला ते आवडायचे यात काही नवल नाही.

अशा माणसाला गावानं मुख्य पंच केलं होतं. त्याचं असं झालं. आमचं गाव सातारा-सांगलीकडच्या मुलखात विखुरलेल्या एका लहानशा संस्थानातलं. दोन कोसांवरचं गाव इंग्रजांचं, आमचं राजेसाहेबांचं. जर्मनीशी दुसरी लढाई पेटली त्या सुमारास राजेसाहेबांच्या मनात आलं आणि त्यांनी राज्य रयतेच्या हवाली करून टाकलं. नवा कायदा आला. गावानं पाच पंच निवडायचे, त्यांच्यातल्या मुख्यानं तालुक्याच्या सभेत गावाच्या वतीनं बसायचं. पण गोष्ट मोठी असेल तर पंचांनी परस्पर ठरवायचं नाही. सगळ्या गावानं, बायामाणसांसकट, एकत्र बसून हात वर करून ठरवायचं. आणि पंच मनाला येईल तसा वागला तर त्याच सभेनं त्याला घरी बसवायचं. हे कायद्याचं पुस्तक गावात मी एकट्यानंच वाचलं होतं, तेही मोठ्यानं वाचून दाखवायचा हुकूम मला होता म्हणून. पंचांचं दप्तर लिहायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं.

मुख्य पंच कोण यावरून गावात दोन तट पडले, आठ दिवस काठ्या परजल्या गेल्या आणि शेवटी दोन्ही तटांना ज्याच्यापासून काहीच धोका वाटत नव्हता असा एक माणूस सापडला. निवड झाल्याचं सांगितलं तेव्हा सखोबांच्या तोंडचं पाणी पळालं. "आवं मास्तर, म्या कवा काय ठरवलंय?" असं त्यांनी मला तीनदा विचारलं.

तालुक्याच्या सभेत त्यांनी पहिल्या दिवसापासून एकच वाक्य धरून ठेवलं. "गावाला इचारून सांगतो." रस्ता करायचा का? गावाला इचारून सांगतो. आडत्यांना परवाने द्यायचे का? गावाला इचारून सांगतो. मग सात मैल चालत परत, मारुतीच्या देवळापुढं सभा, हात मोजायचे, पुन्हा सात मैल. तालुक्याचे अध्यक्ष वकील होते. एकदा ते वैतागून म्हणाले, "अहो सखोबा, तुम्हाला प्रतिनिधी म्हणून पाठवलंय ना? मग तुम्हीच काय ते सांगा!" सखोबा वहाणा काढून उभे राहिले आणि म्हणाले, "व्हय जी. पर्तिनिधी म्हंजी गावाचं त्वांड. त्वांड बोलंल की. पर भूक लागली का न्हाई, ते पोटाला ठावं." वकीलसाहेबांनी त्यानंतर आमच्या गावाचा विषय नेहमी पुढच्या बैठकीवर ठेवायला सुरुवात केली.

सभेत मात्र एक अडचण होती, आणि तिचं नाव दौलतराव. गावातली सगळी बागायत त्यांची, विहिरीवरचं इंजिन त्यांचं, गुऱ्हाळ त्यांचं. गाव त्यांना मालक म्हणायचं. सभेत मालक पुढं बसत. त्यांचा हात वर गेला की मागं शंभर हात वर जात, आणि मालकांनी नुसती मिशी पुसायला हात उचलला तरी दहाबारा जण फसत. सखोबांनी हे दोन सभा पाहिलं. तिसऱ्या सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "समद्यांनी डोळं झाका."

तेव्हापासून आमच्या गावात डोळे झाकून मत द्यायची रीत पडली. सगळं गाव मांडी घालून, माना खाली घालून, डोळे मिटून बसायचं. प्रश्न विचारायचा, हात वर. आधी आधी फार हाल झाले. निम्मे म्हातारे डोळे मिटले की झोपायचे. एकदा तर पाठ खाजवणाऱ्या माणसाच्या कोपरामुळं धर्मशाळेची दुरुस्ती मंजूर झाली. पण हळूहळू गावाला ते जमलं. पुरुषांची बाजू सखोबा मोजायचे, बायकांची मी. बायकांची बाजू माझ्याकडे आली कारण मी परगावचा, म्हणजे त्यांच्या लेखी पुरुषांत धरायच्या लायकीचा नव्हतो.

कुणाचा हात वर होता आणि कुणाचा नाही, हे अख्ख्या गावात आम्हा दोघांनाच माहीत असायचं. मला त्याचं काही वाटत नसे. सखोबांना मात्र ते ओझं व्हायचं. सभा झाली की दोन दिवस ते कुणाच्या नजरेला नजर देत नसत. "मास्तर, मान्साच्या मनात डोकावल्यावानी हुतंय," म्हणायचे. विहिरीत न डोकावणारा माणूस तो.

आणि मग त्या हिवाळ्यात उंदीर पडायला लागले.

पहिला पडला तो शाळेच्या आढ्यावरून. दुपारची वेळ, मी फळ्यावर गणित घालत होतो आणि माझ्या टेबलावर धप्प आवाज झाला. उंदीर उठला, दारू प्यायल्यासारखा दोन पावलं चालला आणि हजेरीपटावर मरून पडला. मी त्या वेळी काय केलं ते सांगत नाही. शाळा सुटली एवढंच सांगतो. संध्याकाळपर्यंत आणखी चार घरांतून उंदीर निघाले. कुणी मोठ्यानं नाव घेईना. बायका एकमेकींना विचारायच्या, "तुमच्यात पडलं का?" आणि उत्तर यायच्या आधी घरात जायच्या. माणसं अंगाला हात लावून बघायला लागली, काखेत, जांघेत, मानेला. मीही दिवसातून वीस वेळा काख चाचपायचो आणि वीस वेळा मला तिथं गाठ लागायची.

तालुक्याचा डॉक्टर घोड्यावरून आला, घोड्यावरूनच बोलला. प्लेगच आहे. चार दिवसांत गाव खाली करा, माळावर झोपड्या घाला, सगळ्यांना लस टोचून घ्या. सखोबा म्हणाले, "गावाला इचारून सांगतो." डॉक्टर घोडा वळवून गेला.

सभा दुसऱ्या दिवशी ठरली. त्या एका दिवसात दौलतरावांनी काही मोठं केलं नाही. ते फक्त गावातून एक फेरी मारून आले. गुऱ्हाळ नुकतं पेटलं होतं, ऊस तोडून पडला होता. गाव माळावर गेलं तर चुलवणात जाळ घालायला कोण बसणार? ते दारोदारी थांबले आणि म्हणाले, "चार उंदरं मेली तर घरं सोडून पळायचं? चोरांना बरंच हाय की. जावा, जावा. म्हंजी पुढच्या साली माज्या बांधाला कोण येतंय ते मला बघाय गावंल." शिवाय गावात बोलवा होती की मालकांना डोळे झाकूनसुद्धा दिसतं. ही बोलवा कुणी उठवली ठाऊक नाही, पण ती खोटी आहे असं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

सभेला एकशे तीस माणसं होती, ब्याऐंशी पुरुष, अठ्ठेचाळीस बायका. इतकी शांत सभा मी पाहिली नव्हती. देवळाच्या पायरीशी एक मेलेला उंदीर पडला होता, त्याच्यावर कुणीतरी राख टाकली होती, आणि सगळे त्या राखेपासून लांब सरकून बसले होते. दौलतराव पुढं, सगळ्यांकडं पाठ करून. सखोबा म्हणाले, "गावानं... गावानं भाईर पडावं असं ज्येला वाटतंय, त्येनं हात वर करा. डोळं झाका."

बायकांकडं अडतीस हात. एकेकीचा हात ताठ, झाडासारखा. मी दोनदा मोजले. मग माझी नजर पुरुषांकडं गेली, जायला नको होती तरी गेली. तिकडं हात जवळजवळ नव्हतेच. होते ते खांद्याच्या वर जात नव्हते. कुणाच्या मांडीवरचा पंजा उचलला जायचा आणि परत मांडीवर पडायचा. सखोबा ओळींमधून चालत होते, एकेका माणसापुढं थांबत होते. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता. नेहमी पाच मिनिटांत होणाऱ्या मोजणीला त्यांनी त्या दिवशी इतका वेळ लावला की झाकलेल्या डोळ्यांचे लोक चुळबुळायला लागले.

"बायकांचं किती, मास्तर?"

"अडतीस."

"डोळं उगडा. गड्यांचं एकतीस. एकूण एकोणसत्तर. गावाचं ठरलं, भाईर पडायचं."

एकतीस नव्हते. मी बघितलं होतं, दहाबारांच्या वर ते नव्हते. दौलतरावांनी मागं वळून सगळ्या पुरुषांवरून एक नजर फिरवली. "एकतीस?" ते म्हणाले. "एकतीस," सखोबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाकडं न बघता, शेजारी कोण काय करतंय ते न पाहता, मारुतीच्या पायरीवर बुड टेकलं.

दप्तर माझ्यापुढं होतं. खोटं पाडायला धीर लागतो आणि तो माझ्याकडे नव्हता. खऱ्याला खरं म्हणायलाही लागतो, तोही नव्हता. मी एकतीस लिहिलं.

गाव बाहेर पडलं. गंमत अशी की पुरुषांना कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. जो तो समजत होता की आपण तेवढे भ्यालो, बाकीचे तीसएक गडी खमके निघाले. त्या न दिसलेल्या खमक्यांच्या भरवशावर माणसं धीट झाली. माळावर पेंढ्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. टोचायला डॉक्टर आला तेव्हा सखोबांनी सगळ्यांच्या आधी दंड पुढं केला आणि सुई दिसताच ते सरळ आडवे झाले. त्यांना सावरता सावरता रांगेतल्या बाकीच्यांची भीती हसण्यात गेली.

पण हसणं तेवढंच. माळावरून गाव दिसायचं. धूर नाही, माणूस नाही, कुत्रं नाही. वारा तिकडून आला की लोक नाकाला पदर लावायचे. दोन कोसांवरच्या इंग्रजी हद्दीतल्या गावानं आधी ऐकलं नव्हतं. तिकडून रोज वर्दी यायची आणि ती आणणाऱ्याला आम्ही लांबूनच बोलायला लावायचो. एका घरातली तीन माणसं आठवड्यात गेली. ते घर दौलतरावांच्या बहिणीचं होतं. त्या दिवशी मालक आपल्या थंड चुलवणापाशी एकटेच जाऊन बसले. कुणी जवळ गेलं नाही. दुःखाच्या माणसाजवळ जायचीही भीती वाटावी असे ते दिवस होते.

एका सकाळी सखोबा माझ्या झोपडीशी उन्हाला बसले होते. मी धीर करून विचारलं, "सखोबा, ते एकतीस कुठून आणलेत?"

"अकरा हुतं," ते म्हणाले. "पर मास्तर, म्या हातं बघितली की. वर याचं म्हनत हुती बिचारी, भ्या खाली वढत हुतं. म्या निसतं भ्या वजा केलं."

"पण तुम्ही! तुम्ही तर घोंगडी वाळत घालायची तरी शेजाऱ्याला विचारता."

"व्हय. त्येच सांगतो तुमाला." आणि त्यांनी मला जे सांगितलं ते गावात फारसं कुणाला आठवत नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी असेच उंदीर पडले होते. सखोबा तेव्हा विशीतले. बायको सतरा-अठराची, पदरात तान्ही मुलगी. ती रोज म्हणायची, चला, माळावर जाऊ, मला भ्या वाटतंय. "म्या म्हनायचो, थांब, गाव काय करतंय बगू. डावीकडं बगितलं, कुनी हालंना. उजवीकडं बगितलं, कुनी हालंना. पाटलानं कुनाला इचारलंच न्हाई, आन् म्याबी तिला न्हाई. पाचव्या दिशी पोरीला गाठ आली. सातव्याला तिला."

मी मूर्खासारखं विचारलं, "नाव काय होतं त्यांचं?"

"गोदा," सखोबा म्हणाले. मग गावाकडं बघायला लागले. डोळे कोरडे होते, पण बोटं घोंगडीचा काठ उसवत होती.

आम्ही दोन महिन्यांनी घरी परतलो. माणसं सगळी जिवंत होती. जमिनी खणून, शेणानं सारवून, सात दिवस धूर करून गाव पुन्हा राहतं झालं. आणि पहिल्याच सभेत, एकशे सव्वीस माणसांपुढं, सखोबा उभे राहिले. मला वाटलं, गाव वाचलं म्हणून मारुतीला नारळ फोडायची गोष्ट काढतील.

"त्या दिशी गड्यांचे हात एकतीस न्हवते," ते म्हणाले. "अकरा हुते. म्या खोटं सांगितलं. गावानं न्हाई म्हनलेलं म्या व्हय केलं. कायद्यात हाय, अशा पंचाला काढाय पायजे. मास्तर, इचारा."

पुरुष एकमेकांची तोंडं बघायला लागले. तीस खमके कुठं गेले ते त्यांना त्या क्षणी कळलं. एक म्हातारी ओरडली, "आरं जित्ती हाय न्हवं आमी? मग काय इचारायचं त्यात?" पण सखोबा ऐकेनात. मोजणं माझ्याकडं देऊन ते खाली उतरले, गड्यांच्या ओळीत मांडी घालून बसले आणि त्यांनी डोळे झाकले.

सगळ्या गावाचे डोळे मिटलेले आणि उघडे फक्त माझे. त्या दिवशी मला सखोबांचं ओझं कळलं. मी म्हणालो, "सखोबांना पंचपदावरून काढावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

बायकांकडं एकही नाही. मी पुरुषांकडं वळलो. दौलतरावांचे हात मांडीवर, मुठी आवळलेल्या, हलले नाहीत. बाकीच्यांचे नाहीत. फक्त तिसऱ्या ओळीत एक हात वर होता. काळा, सुरकुतलेला, चांगला ताठ. सखोबांचाच.

"एक," मी म्हणालो. "डोळे उघडा. सखोबा राहिले."

आनंद व्हायच्या ऐवजी भलताच गोंधळ उडाला. एक कोण? सव्वाशे माना एकदम दौलतरावांकडं वळल्या. मालक ताडकन उठले. गावानं त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, पण इतकं कासावीस झालेलं कधी पाहिलं नव्हतं. "म्या न्हाई!" ते म्हणाले. "बहिणीच्या घराची आण हाय. मास्तर, सांगा की ह्यास्नी, म्या न्हाई!" मला सांगता येत नव्हतं. कुणाचा हात ते सांगायचं नाही, ही सखोबांनीच घातलेली रीत. मी दप्तरात डोकं घातलं. गावानं मालकांशी अबोला धरला, ती शिक्षा पुढं कितीतरी दिवस चालली, आणि मालकांनी ती, त्यांच्या मानानं, बरी सोसली.

सभा पांगल्यावर मी सखोबांना गाठलं. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. "हे काय सखोबा? सगळं गाव तुम्हाला ठेवतंय आणि तुम्ही स्वतःच्याच विरुद्ध हात वर करता?"

त्यांनी डावीकडं-उजवीकडं पाहिलं नाही. माझ्याकडं बघत हळूच म्हणाले, "त्यो हात माजा न्हवं, मास्तर. माजा खालीच हुता. त्यो गोदाचा. तिला तवा कुनी इचारलं न्हवतं. आज समद्यांना इचारलं, मग तिलाबी इचाराय नगं? ती म्हनली, ह्यास्नी शाणपन आलं, पर लय उशिरा आलं."

एवढं बोलून ते गेले. मी मारुतीच्या पायरीवर बसून दप्तर उघडलं. हजर माणसं एकशे सव्वीस असं मी लिहिलं होतं. ते खोडलं आणि एकशे सत्तावीस केलं.